पट्टीखालचं उत्तर

मी जुडी बोलतेय. खरं तर जुडी म्हणवून घ्यायचा मला आता काही हक्क नाही. एके काळी आम्ही एकशे चाळीस जणी होतो, एका कडीत ओवलेली कागदी कार्डं, बोटाएवढी लांब, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. त्यातली मी एकटी उरलेय. पण मनातून अजून जुडीच आहे. एकटीनं बोलायची सवय लागलेली नाही.

माझ्या जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. मोठा कागद होता, सुरी पडली, भोक पडलं, कडी आली. जपानातल्या कुरायोशी स्टेशनाजवळच्या वह्या-पेनांच्या दुकानात मी दोन वर्षं टांगलेली होते. शेजारच्या जुड्या शाळेतल्या मुलींनी नेल्या, इंग्रजी शब्द पाठ करायला. मला नेलं मिचियोनं. त्रेपन्न वर्षांची बाई, हाताला कांद्याचा वास.

"नातवंडासाठी का?" दुकानदारानं विचारलं.

"नवऱ्यासाठी. सहाव्यांदा नापास झालाय."

दुकानदाराला हसावं की नाही ते कळेना. मिचियो मात्र हसली आणि मला पर्समध्ये टाकून घरी घेऊन गेली.

दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते ऐकायची मला खोड आहे, ती मी लपवत नाही. पर्समध्ये, खिशात, उशीखाली राहणाऱ्यानं कान बंद करायचे तरी कसे? तेव्हा जे ऐकलं ते सांगते.

मिचियोचा नवरा तेत्सुरो गावातल्याच एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचा. त्याच्याकडे दुसऱ्या वर्गाच्या आर्किटेक्टचं लायसन होतं. म्हणजे लहान घरांवर त्याची सही चाले, मोठ्या इमारतीवर नाही. त्यासाठी पहिल्या वर्गाची परीक्षा. वर्षातून एकदा, जुलैच्या एका रविवारी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच विषय. त्यात पास झालं तर ऑक्टोबरात हातानं नकाशा काढायचा पेपर. तेत्सुरो सहा वेळा जुलैतच अडकला होता. ऑफिसात हासेबे नावाचा त्याच्याहून वीस वर्षांनी लहान माणूस होता. पट्टी कशी धरायची ते त्याला तेत्सुरोनंच शिकवलं होतं. तो पहिल्याच फटक्यात पास झाला आणि आता तेत्सुरोच्या नकाशांवर शिक्का मारायचा. "तेत्सुरोसान, इथं एक रेघ राहिली वाटतं," असं फार अदबीनं म्हणायचा. ती अदब तेत्सुरो घरी येऊन जेवणाबरोबर चघळत बसे.

मिचियो प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिचं अक्षर सुपाच्या पातेल्यावर चिकटवायच्या चिठ्ठीसारखं, मोठं आणि गोल. तेत्सुरोच्या जाड पुस्तकातून तिनं एकेक गोष्ट माझ्यावर उतरवली. कळो न कळो, उतरवली. मग भाजी चिरता चिरता प्रश्न विचारायची.

"प्राथमिक शाळेच्या जिन्याची पायरी किती उंच?"

"सोळा सेंटिमीटर. त्याहून जास्त नाही."

"आमच्या शाळेची जास्त आहे."

"नसेल गं. जुनी असली तरी नसेल."

"वीस वर्षं सूप घेऊन चढतेय. तुम्ही पुस्तकात वाचलंय, मी गुडघ्यांनी मोजलंय."

एक रीत त्यांनी पाळली होती. जे कार्ड सलग दहा वेळा न चुकता आलं ते कडीतून काढायचं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. कडी हलकी होत गेली की तेत्सुरोला बरं वाटे. सगळ्यात आधी डब्यात गेलं ते पहिलंच कार्ड. त्यावर प्रश्न होता, 'परीक्षेला कोणता कायदा धरायचा?' आणि मागे, 'त्या वर्षीच्या एक जानेवारीला जो लागू होता तो.' इतकं सोपं कार्ड कडीत ठेवून जागा कशाला अडवायची, असं दोघांनाही वाटलं. हे लक्षात ठेवा.

हिवाळ्यात मिचियोचं पोट दुखायला लागलं. शाळेतल्या बायका म्हणाल्या, उभं राहून राहून होतं. फेब्रुवारीत टेकडीवरच्या हॉस्पिटलात तपासणी झाली. डॉक्टर सावकाश बोलत होते. मी पर्समध्ये होते. पर्स तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, त्यामुळे ते शब्द मला तिच्या अंगातूनच ऐकू आले. ऑगस्टपर्यंतचा उन्हाळा निघेल, त्यापुढचं सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

बाहेरच्या बाकावर दोघं बसल्यावर तिनं विचारलं, "तुमची परीक्षा कितीला आहे?"

"आता त्याचं काय."

"कितीला आहे ते विचारलं मी."

"सत्तावीस जुलै."

"ते लायसनचं कार्ड कधी मिळतं?"

"ते पुढच्या वर्षी. आधी जुलै, मग ऑक्टोबर, मग कागदपत्रं."

तिनं मनातल्या मनात महिने मोजले असावेत. "मग कार्ड राहू दे," ती म्हणाली. "जुलैचा पेपर तरी पास झालेला मला बघू द्या. एवढं करा."

तेत्सुरोनं मान हलवली. त्या दिवसापासून मी खेळातली वस्तू राहिले नाही.

एप्रिलपासून मिचियो हॉस्पिटलातच राहिली. चार खाटांची खोली, मध्ये पडदे. शेजारच्या खाटेवर इनुई आजी, मांडीचं हाड मोडून आलेल्या, ऐंशीच्या पुढच्या. तेत्सुरो काम सुटलं की यायचा, स्टुलावर बसायचा, आणि मिचियो मला उशीखालून काढायची.

"काँक्रीट मिसळल्यापासून गाडी जागेवर पोचेपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ?"

तेत्सुरो विचार करेपर्यंत पडद्याआडून आवाज यायचा, "दीड तास."

"इनुई आजी, त्यांना सांगू द्या ना."

"सांगू दे की. पण तोवर काँक्रीट दगड होईल त्याचं काय?"

मिचियो हसायची, मग पोट धरायची. एकदा हसणं ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "मला सांगा, माझी गाडी निघून किती वेळ झाला असेल?" तेत्सुरोनं माझ्याकडे बघून पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.

आता माझ्या स्वतःच्या कार्डाचं सांगते. म्हणजे आज जी बोलतेय तिचं. माझ्यावर लिहिलं होतं, 'दुमजली लाकडी घर, आर्किटेक्टनं काढलेलं. परवाना देताना खांब-भिंतींची मजबुती तपासतात का?' मागे मिचियोच्या गोल अक्षरात, 'तपासत नाहीत. सूट आहे.'

त्याच एप्रिलमध्ये तो नियम बदलला. तेत्सुरोच्या ऑफिसात त्यावरून नुसता गोंधळ. लहानसहान घरालाही आता मजबुतीचे कागद जोडायचे. तो रोज येऊन कटकट करायचा. "आज तीन फाइली परत आल्या. दुमजली घर, माझ्या घराएवढं, आणि खांबाखांबाचा हिशेब मागतात."

"म्हणजे सूट गेली?"

"गेली. एप्रिलपासून गेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिचियोनं मला कडीतून काढलं. जेवणाच्या ताटात तांदळाची पेज उरली होती. तिचे वडील सुतार, सरकत्या कागदी दारांचं काम करणारे. त्यांच्याकडे शितं घोटून खळ करत, हे ती लहानपणापासून बघत आलेली. चमच्याच्या पाठीनं तिनं शितं घोटली, माझ्या पाठीवर लावली आणि वर कागदाची पांढरी पट्टी चिकटवली. आधी गार लागलं, मग ओढल्यासारखं झालं. पट्टीवर तिनं लिहिलं, 'तपासतात. एप्रिलपासून.' अक्षर पातेल्यावरच्यासारखंच गोल.

संध्याकाळी तिनं मुद्दाम तोच प्रश्न आधी विचारला. तेत्सुरो म्हणाला, "तपासतात." तिनं मला उलटं करून दाखवलं.

"अरे वा. तू तर आमच्या ऑफिसच्या पुढे गेलीस."

"मग. झोपून राहिले म्हणजे काय झोपले होते का?"

"तपासतात," पडद्याआडून इनुई आजी म्हणाल्या. "एप्रिलपासून. माझंही झालं पाठ."

मला ओरडायचं होतं. डब्यातलं ते पहिलं कार्ड आठवत होतं. एक जानेवारीचा कायदा, एप्रिलचा नाही. त्या जुलैपुरतं बरोबर उत्तर पट्टीखाली होतं. मिचियोला आठवलं नाही, आणि आठवायचं कारणही नव्हतं. तेत्सुरोला मात्र माहीत होतं. सहा वर्षं बसलेल्या माणसाला ते माहीत नसेल असं होणारच नाही. पण दिवसभर ऑफिसात हात तेच लिहीत होता, संध्याकाळी बायको तेच विचारत होती. दहा वेळा न चुकता आल्यावर त्यानं मला कडीतून काढायला हात पुढे केला, तर मिचियो म्हणाली, "हिला राहू द्या. ही माझी आहे."

परीक्षेला जायच्या आदल्या दिवशी तिनं कडीसकट आम्हाला त्याच्या पिशवीत घातलं. परीक्षेच्या खोलीत आमचं काम नसतं. आम्ही खुर्चीखाली बंद पिशवीत. कायद्याच्या पेपरला कायद्याचं पुस्तक जवळ ठेवू देतात. त्यात काही लिहिलेलं चालत नाही, पण रेघा मारलेल्या आणि पानांना रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या चालतात. महिनोन्‌महिने लोक त्या रेघा मारत बसतात. त्या तासाला खोलीभर पानांची सळसळ ऐकू येत होती, तांदूळ पाखडावेत तशी. तीस प्रश्न, वेळ थोडा. प्रत्येक प्रश्नाला पुस्तक उघडत बसलं तर पेपर पुरा होत नाही. जे पक्कं येतं तिथं उघडायचंच नाही, असं सगळे एकमेकांना सांगतात.

संध्याकाळी तेत्सुरो गाडीत बसला. एव्हाना क्लासवाल्यांनी उत्तरं फोनवर टाकलेली असतात. शेवटपर्यंत बसणाऱ्याला प्रश्नपत्रिका घरी नेता येते. तिच्यावर तो बरोबर-चूक खुणा करत गेला. कायद्याच्या पानावर दुमजली घराच्या प्रश्नापाशी थांबला. मग कायद्याचं पुस्तक काढलं, निळी चिठ्ठी धरून पान उघडलं. तिथं त्याच्याच हातची लाल रेघ होती, सूट देणाऱ्या नियमाखाली. उघडलं असतं तर दहा सेकंदांचं काम.

त्यानं पिशवीतून आम्हाला काढलं. एकेक कार्ड सरकवत माझ्यापाशी आला. मागे वळवलं. पट्टीच्या कडेला नख लावलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि मग नख काढून घेतलं.

हॉस्पिटलात मिचियोनं विचारलं, "कसा गेला?"

"बरा गेला. बघू."

खरंच बघायचंच होतं. पास व्हायला किती गुण लागणार ते सप्टेंबरात कळतं. ऑगस्टभर तेत्सुरो आशा धरून होता. मिचियो तेव्हा फारसं खात नव्हती. प्रश्न विचारायचं आता कारण उरलं नव्हतं, तरी ती मला हातात धरायची, नुसती अंगठ्यानं कडी फिरवायची.

सप्टेंबरात निकाल लागला. तेत्सुरो एका गुणानं राहिला.

त्या दिवशी तो येताना नाशपाती घेऊन आला. स्टुलावर बसून सोलायला लागला. साल एकसलग निघत होती.

"लागला का?" मिचियोनं विचारलं.

"लागला."

"मग?"

"झालो."

ती डोळे मिटून पडून राहिली. मग म्हणाली, "माझं दुमजली घर आलं होतं का?"

तेत्सुरोची सुरी थांबली. "आलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या पट्टीमुळे बरोबर आलं. एका गुणानं निघालो. तो नसता तर गेलो होतो."

सांगते, मी कागदाची आहे, पण त्या क्षणी मला पेटून जावंसं वाटलं. तिनं नर्सला बोलावून मला दाखवलं. इनुई आजींना पडदा सारायला लावून दाखवलं. "हे बघा, पेजेनं चिकटवलंय." इनुई आजी म्हणाल्या, "मी पण पास झाले म्हणायचं की. मलाही येत होतं."

खोटं एकदा बोललं की पुढचं कामही करावं लागतं. पास झालेला माणूस ऑक्टोबरच्या नकाशाची तयारी करतो. तेत्सुरो दुसऱ्या दिवशी नकाशाची मोठी फळी घेऊन आला आणि खाटेच्या पायथ्याशी टेबल लावून काढायला बसला. त्या वर्षीचा विषय आधीच जाहीर झालेला होता, नगरकचेरी. ज्या पेपरला तो बसणारच नव्हता त्याची नगरकचेरी तो रोज दोन-तीन तास काढायचा. पेन्सिलीचा आवाज यायचा, रबराचा यायचा. मिचियो उशीला टेकून बघायची.

"बायकांचा संडास कुठेय?"

"हा इथं."

"लांब पडतो. म्हाताऱ्या माणसांना दरवाजापासून लांब पडतो."

तो पुसायचा, पुन्हा काढायचा.

"तक्रारीची खिडकी कुठे ठेवलीय?" इनुई आजी विचारायच्या. "दर्शनी ठेवा. आमच्या गावची जिन्यामागे आहे, सापडतच नाही."

एकोणीस दिवसांत त्यानं सहा नगरकचेऱ्या काढल्या. सहावीत सगळं जिथल्या तिथं होतं. मिचियोनं ती फार वेळ बघितली. "ही बांधतील ना कुणीतरी?" तिनं विचारलं. तो म्हणाला, बांधतील. ऑक्टोबर उजाडायच्या आधीच, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी ती गेली. खोट्याची परीक्षा व्हायची वेळच आली नाही.

दहनाला न्यायच्या शवपेटीत माणसाच्या आवडीच्या चार वस्तू ठेवतात. तेत्सुरोनं सहावी नगरकचेरी घडी करून ठेवली. मग बिस्किटांचा डबा आणि कडीतली जुडी काढली. अंत्यसंस्काराचा माणूस वाकून म्हणाला, "कागद चालेल. लोखंड चालणार नाही, तेवढी कडी काढावी लागेल." तेत्सुरोनं कडी उघडली. माझ्या बहिणी तिच्या हातांपाशी, फुलांत सुट्या पसरल्या गेल्या. डब्यातलं पहिलं कार्डही गेलं. मी शेवटची हातात आले. त्यानं मला ठेवलं, परत उचललं, आणि कोटाच्या खिशात घातलं. झाकण लागलं.

आता मी घरातल्या देव्हाऱ्यात असते, तिच्या फोटोच्या चौकटीला टेकून. नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी तेत्सुरोनं घंटी वाजवली, हात जोडले, मला उचलून मागची बाजू वाचली. "आजपासून बरोबर झालं गं," एवढंच म्हणाला. एक जानेवारी होती. आता कायदा तिच्या पट्टीप्रमाणे होता.

मला वाटलं, या वर्षी बसेल. एप्रिलमध्ये फॉर्म भरायचे दिवस येतात. आले आणि गेले.

मे महिन्यात इनुई आजी काठी टेकत आल्या, मोसंबी घेऊन. देव्हाऱ्यापुढे बसल्या, मला ओळखलं. "काय हो आर्किटेक्ट, नगरकचेरीचं काय झालं? पत्रच नाही तुमचं."

तेत्सुरोनं चहा ठेवला. मग सांगितलं. आजवर कुणालाच न सांगितलेलं सगळं, पट्टीपासून नाशपातीपर्यंत. इनुई आजी मोसंब्याची साल हातात घेऊन ऐकत राहिल्या.

"म्हणजे आम्ही तुम्हाला चुकीचं पढवलं."

"तुम्ही नाही. चूक माझी. पुस्तक समोर होतं."

"पण आता बरोबर आहे ना ते?"

"आता बरोबर आहे."

"मग बसायचं परीक्षेला."

"फॉर्मची मुदत गेली, आजी."

"पुढच्या वर्षी?"

"विचारणारं कोणी नाही आता," असं काहीसं पुटपुटला. आजी जाताना दारात म्हणाल्या, "दीड तास. अजून लक्षात आहे माझ्या." पुन्हा त्या आल्या नाहीत. लांब राहतात, आणि त्यांचे पायही तसे.

माझी हकीकत एवढीच. तेत्सुरो रोज सकाळी तिच्यापुढे गरम भाताची वाटी ठेवतो. वाफ वर येते आणि माझ्या पाठीला लागते. भाताच्या खळीनं चिकटवलेली पट्टी भाताच्याच वाफेनं सुटायला लागलीय. उजवा कोपरा उचललाय. त्याखालून 'नाहीत' हे जुनं अक्षर दिसतं. दोन्ही तिच्याच हातची, दोन्ही गोल.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी कधी या घरी आलात, देव्हाऱ्यापुढे बसलात, तर एक करा. जाताना माझ्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरा. थोडा वेळच. भाताचं एक शीत लावलंत तर फारच बरं. ती एका वर्षानं पुढे होती, एवढंच. पट्टी निघाली तर ते सांगायला कोणी उरणार नाही.